धागा संपतो तेथे

शिवण पाहायची तर कापड उलटून पाहावे, असे आपल्याकडच्या जुन्या बायका सांगत. सुलट बाजू काय, चार दिवस हात बसला की कोणाचीही नीटस दिसू लागते. खरी पारख उलट बाजूला. तेथे गाठींचे पुंजके, लोंबणारी टोके, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर घेतलेल्या लांबलचक उड्या दिसल्या, की जाणती बाई काही न बोलता कापडाची घडी घालून परत देई. तिचे ते न बोलणे पुष्कळ बोलके असे.

जपानच्या खेड्यापाड्यांत वाढलेल्या आणि आज ‘साशिको’ या नावाने सगळ्या जगाला ठाऊक झालेल्या हातशिवणीला ही उलट बाजूची परीक्षा फार कडक लागते. तिचे नमुने आता पुष्कळांनी पाहिले आहेत. निळ्या कापडावर पांढऱ्या टाक्यांच्या लाटा, तारका, षट्कोन, एकमेकांत गुंतलेली वर्तुळे पाहून मन प्रसन्न होते यात शंका नाही. परंतु नमुना हा या कलेचा चेहरा झाला. तिचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर सुईतला धागा संपून नवा धागा जेथे सुरू होतो ती जागा शोधावी. ती सहजासहजी सापडू नये, अशीच तिची योजना असते.

प्रथम नावाविषयी. जपानी भाषेत ‘सासु’ या क्रियापदाचा अर्थ टोचणे असा आहे. आमच्या वाचकभगिनींनी यावर हसू नये. हा निव्वळ योगायोग समजावा. त्या ‘सासु’पासून ‘साशिको’ हा शब्द झाला. बारीक बारीक टोचे, एवढाच त्याचा अर्थ. टाकाही अगदी साधा, आपला धावदोरा. उलटी टीप नाही, साखळी नाही, काश्मिरी टाका नाही. सुई खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, की झाली साशिको. एका इंचात पाच ते सात टाके; आणि तेही असे की सुलट बाजूचा टाका उलट बाजूच्या टाक्याहून किंचित लांब असावा. तांदळाच्या दाण्यासारखा दिसावा, असे तेथे शिकवितात.

थंडी, वाख आणि कापूस

इतक्या साध्या टाक्याचे एवढे शास्त्र का झाले, हे कळण्यासाठी जपानच्या ईशान्य टोकाकडे जावे लागते. होन्शू बेटाच्या उत्तर भागाला तोहोकू म्हणतात. हिवाळ्यात तेथे पुरुषभर बर्फ साचते. अशा थंडीत कापूस पिकत नाही. त्यामुळे तेथील शेतकरी कुटुंबे भांगेच्या जातीच्या झाडाचा वाख काढून, त्याचे सूत कातून, घरीच कापड विणीत. वाखाचे कापड टिकाऊ खरे, पण विरळ विणीचे. वारा आरपार जातो. त्यात भर म्हणून त्सुगारू संस्थानाने १७२४ साली काटकसरीचा हुकूम काढून शेतकऱ्यांना सुती कपडे वापरण्यास मनाई केली. संस्थानी हुकमांची ओळख आपल्या शहरातील जुन्या मंडळींना निराळी करून द्यावयास नको.

बायकांनी यातून मार्ग काढला. कापड वाखाचे, पण त्याची भोके सुताने बुजवायची. निळीत रंगविलेल्या विरळ कापडात पांढऱ्या सुताचे टाके इतके दाट घालायचे की वाऱ्याला वाट राहू नये. यातूनच त्सुगारूची ‘कोगिन’, शेजारच्या नांबू प्रदेशाची ‘हिशिझाशी’ आणि यामागाता भागातील शोनाई येथील साशिको, अशा तीन नामांकित परंपरा उभ्या राहिल्या. दक्षिणेकडील गावांत वापरून टाकलेले जुने सुती कपडे गलबतांनी उत्तरेच्या बंदरांत येत, तेव्हा त्या चिंध्याही मोल देऊन घेतल्या जात. तीन लाल चवळ्या गुंडाळता येतील एवढे कापड टाकून देऊ नये, अशी म्हणच त्या भागात आहे. पुढे १८९१ साली रेल्वे आओमोरीपर्यंत पोचली आणि सूत सुलभ झाले. परंतु तोवर पिढ्यान्‌पिढ्या हाताला लागलेले वळण पक्के झाले होते.

सुताची ही टंचाई ध्यानात घेतली, की धागा बदलण्याच्या कौशल्याचा उलगडा होतो. जेथे सूत दुर्मिळ, तेथे ते शेवटच्या वितीपर्यंत वापरावे लागते. आणि शेवटच्या वितीपर्यंत वापरायचे, म्हणजे सांधे जास्त येणार. शिवाय हे कपडे मिरवण्यासाठी नव्हते. ते घालून लाकडे वाहायची, चिखलात उभे राहायचे, आणि फाटले की त्यावर दुसरा तुकडा लावून पुन्हा शिवायचे. सांधा सुटला तर ओळ सुटते, ओळ सुटली तर थंडी आत येते. नीटनेटकेपणा हा तेथे हौसेचा भाग नव्हता.

गाठीचा दोष

आपल्याला शिवणकामाचा पहिला धडा मिळतो तो गाठीचा. सुईत दोरा ओवावा, टोकाला गाठ मारावी, आणि सुरुवात करावी. साशिकोत शक्यतो गाठ मारीत नाहीत. जुने शेतकरी कपडे पाहिले तर गाठी अजिबात नसतात असे नाही. आणि आत अस्तर येणार असेल, उलट बाजू झाकली जाणार असेल, तर आजही कित्येकजणी खुशाल बारीक गाठ मारतात. परंतु दोन पदरी पांढऱ्या कापडाची फडकी, ज्यांना ‘हाना-फुकिन’ म्हणजे फुलांची फडकी असे गोड नाव आहे, ती दोन्ही अंगांनी वापरायची असतात. तेथे गाठ म्हणजे खडा. भांडे पुसताना बोटाला लागते, ताटलीवर घासते. घर्षण प्रथम उंचवट्यालाच होत असल्यामुळे गाठ आधी झिजते; आणि ती एकदा गेली, की तिच्या भरवशावर असलेला सारा धागा मोकळा होतो. विरळ विणीच्या कापडातून तर गाठ ओढीसरशी वरच निसटते.

प्रस्तुत लेखकाने याची खात्री घरीच करून घेतली. जुन्या धोतराच्या दोन पदरांची दोन फडकी शिवली. एकात जन्माच्या सवयीप्रमाणे गाठी मारल्या, दुसऱ्यात जपानी रीतीने गाठीशिवाय सांधे केले. दोन्ही स्वयंपाकघरात कामाला लावली. महिनाभराच्या धुण्यात पहिल्यातील दोन गाठी झिरझिरीत धोतरातून सरळ वर आल्या, आणि एक आख्खी ओळ पदर सुटावा तशी सुटली. दुसऱ्या फडक्यातील शेवटचे सांधे मात्र शोधूनही सापडेनात. सुरुवातीचे सापडत होते, कारण भीतीपोटी तेथे नको इतके टाके दुहेरी घातले होते. अविश्वास कामात असा उमटतो.

गाठीशिवाय धागा कसा टिकतो

गाठ नाही तर धागा धरून कोण ठेवते? उत्तर असे की शेजारचा धागा. साशिकोचे सूत सैल पिळाचे, किंचित लवदार असते. भरतकामाच्या रेशमासारखे त्याचे पदर सुटे करून वापरीत नाहीत. आहे तसेच ओवतात. असे दोन धागे एकाच छिद्रातून, एकाच टाक्यात शेजारी बसले, की त्यांची लव एकमेकींत अडकते. पुढे कापड धुतले म्हणजे सुती वीण आवळते, छिद्रे मिटतात आणि पकड अधिकच घट्ट होते. गाठ दर धुण्याला अशक्त होते. हा सांधा मात्र पहिल्या काही धुण्यांत उलट बळकट होतो.

आरंभ करण्याची रीत अशी. ओळ जेथून सुरू करायची, तेथून तीन-चार टाके पुढे सुई वरच्या पदरातून दोन कापडांच्या मध्ये शिरवावी आणि आरंभबिंदूच्या दिशेने उलटे टाके घालीत यावे. आरंभाला पोचले की वळावे, आणि त्याच टाक्यांवरून, त्याच छिद्रांतून पुन्हा पुढे निघावे. धाग्याचे मोकळे टोक दोन पदरांच्या मध्ये राहते. शेवटही असाच. ओळ संपली की वळून तीन टाके आल्या वाटेने परत जायचे, सुई दोन पदरांच्या मधून थोडी पुढे सरकवून बाहेर काढायची आणि धागा कापडालगत कापायचा. कापलेले टोक आपोआप आत ओढले जाते.

परंतु खरी कसोटी ओळीच्या मध्येच धागा संपतो तेव्हा. येथे जुन्या धाग्याने परत फिरायचे नाही. त्याला आपल्या शेवटच्या टाक्यानंतर दोन कापडांच्या मध्ये विसावू द्यायचे. मग नवा धागा तीन टाके मागून सुरू करायचा. त्याचे टोक मागच्या बाजूला दोन पदरांच्या आत ठेवून, जुन्या धाग्याच्या शेवटच्या तीन टाक्यांवरून नेमके पाऊल टाकीत यायचे, आणि जुना धागा जेथे थांबला तेथून एकट्याने पुढे जायचे. तीन टाके दोघे बरोबर चालतात, मग एक थांबतो आणि दुसरा पुढे जातो. एवढाच तो सांधा.

यात तीन पथ्ये आहेत. पहिले पथ्य म्हणजे सुईने जुन्या धाग्याचा पीळ फोडू नये. नवा धागा त्याच्या अंगाशी बसावा, त्याच्या पोटातून जाऊ नये. पीळ फुटला की टाका पसरट दिसतो आणि सांधा डोळ्यांत भरतो. दुसरे म्हणजे दुहेरी टाके तीनच, फार तर चार. जास्त घातले तर ओळीत तेवढाच भाग जाड दिसतो, जणू सापाने उंदीर गिळला आहे. तिसरे म्हणजे सांधा सरळ वाटेवर करावा, वळणावर नव्हे. कोपऱ्यावर धाग्याला आधीच ताण असतो. तेथे दोन धागे आले की टोक बोजड होते.

चौथे पथ्य नवशिक्यांना कोणी सांगत नाही, आणि तेथेच त्यांची फजिती होते. साशिकोत सुई एकेका टाक्याला ओढीत नाहीत. मधल्या बोटाच्या मुळाशी अंगठीसारखे बसणारे आणि तळव्यावर टेकणारे अंगुस्तान घालतात. त्याने लांब सुईचे मागचे टोक रेटून धरायचे, आणि दुसऱ्या हाताने कापड वर-खाली करीत सुईवर चढवीत जायचे. कापडाच्या चुण्या सुईवर गोळा झाल्या, की मग एकदम ओढ. ओढल्यावर कापड आखडते. ते चिमटीत धरून धाग्याच्या दिशेने हलक्या हाताने निपटावे लागते. या निपटण्याला ‘इतो-कोकी’ म्हणतात. सांधा केल्यावर टोक कापण्याआधी हे निपटणे झालेच पाहिजे. आधी कापले आणि मागून निपटले, तर आखडलेले कापड मोकळे होताना छोटे टोक आत खेचले जाते आणि सांध्यातून निसटते. घाई करून धागा कापणाऱ्याला साशिको अशी चार दिवसांनी शिक्षा करते.

दुसरी एक तोड म्हणजे विणकराची गाठ. जपानीत तिला ‘हाता-मुसुबी’ म्हणतात. ‘हाता’ म्हणजे माग. मागावर सूत तुटले की विणकर जी चपटी, चिमुकली गाठ डोळ्याचे पाते लवण्याच्या आत मारतो, तीच ही. हातमागाच्या गावात वाढलेल्यांना तिचे वर्णन सांगावयास नकोच. ओढावे तितकी ती घट्ट होते आणि नेहमीच्या गाठीपेक्षा पुष्कळ कमी जागा घेते. नवा धागा जुन्याला या गाठीने जोडून, ती दोन पदरांच्या मध्ये येईल अशा बेताने ओढून घेतात. गाठ नको म्हणणाऱ्या कलेतही एक गाठ मान्य झाली, ती कापड विणणाराची.

उड्या आणि सैलपणा

धागा बदलण्याइतकाच नाजूक प्रश्न असतो धागा न बदलण्याचा. एक ओळ संपली, दुसरी बोटभर अंतरावर आहे. नवा धागा घ्यावा, की तोच आतून तेथवर न्यावा? अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास असेल तर दोन पदरांच्या मधून नेतात; त्याहून जास्त असेल तर थांबून नव्याने आरंभ करतात. आतून नेताना तो ताठ ठेवीत नाहीत. वळणावर किंचित सैल सोडतात, कारण पुढे कापड धुण्यात आणि वापरात हलणार असते, आणि ताठ धागा त्याला चुणी पाडतो. रंगीत सूत पांढऱ्या कापडावर असेल तर आतली उडी कितीही लहान असो, प्रकाशात धरली की सावलीसारखी दिसते. तेथे आळस न करता धागा तोडणेच बरे.

म्हणून हुशार शिवणारीण सुई हाती घेण्यापूर्वी नमुन्यात वाट शोधते. आधी उभ्या ओळी, मग आडव्या, मग तिरक्या. कोणत्या वाटेने गेल्यास धागा कमीत कमी वेळा तोडावा लागेल, याचा हिशेब ती मनात करते. ओळीवर धागा पसरून, आखडण्यासाठी थोडा जास्त धरून, मगच कापते. फार लांब धागाही घेत नाही. तो पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन लव गमावतो, आणि लव गेली की सांध्याची पकडही गेली.

एकपदरी कोगिनची रीत निराळी. तेथे धागा लपवायला दुसरा पदर नाही. कापडाचे धागे मोजून टाके घालायचे, तेही विषम संख्येने. शेजारच्या हिशिझाशीत सम संख्येने. पहिली ओळ कापडाच्या मध्यापासून सुरू करतात आणि निम्मा धागा दुसऱ्या बाजूसाठी सोडून ठेवतात, म्हणजे आरंभीच एक टोक वाचते. नवा धागा घ्यायची वेळ आली, की त्याचे टोक उलट बाजूला आधीच्या टाक्यांच्या खालून विणीसारखे ओवून घेतात. ओळीच्या कडेला वळताना धाग्याचा बारीक फासा सैल सोडतात. तो विसराळूपणा नव्हे. कापडाला ताणण्यासाठी ठेवलेली ती जागा आहे.

संग्रहात आणि संकटात

विसाव्या शतकात गरज संपली, तसे हे काम मागे पडले. गरिबीची खूण म्हणून कित्येक घरांनी असले कपडे लपविले किंवा जाळले. सुदैवाने काही डोळे वेळेवर उघडले. जपानच्या लोककला चळवळीचे प्रणेते यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी १९३२ साली ‘कोगेई’ मासिकात कोगिनची थोरवी सांगितली. आओमोरीचे तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) यांनी खेडोपाडी पायपीट करून ठिगळांवर ठिगळे लावलेले कपडे गोळा केले. त्यांच्या संग्रहातील त्सुगारू व नांबू येथील ७८६ वस्त्रांना १९८३ साली राष्ट्राची महत्त्वाची लोकसंपदा म्हणून सरकारी मान्यता मिळाली. जे लपवायचे होते ते जपायचे ठरले.

आज साशिको ही हौस झाली आहे. नमुना छापलेले कापड, मापाचे सूत आणि सुई एका पाकिटात मिळते. छापील रेषा धुतली की निघून जाते. यात वाईट काही नाही. परंतु रेषा छापता येते, सांधा छापता येत नाही. तो प्रत्येकीला आपल्याच हाताने शिकावा लागतो.

आणि गरज पुरती संपली असेही म्हणवत नाही. ११ मार्च २०११ रोजी तोहोकूच्या किनाऱ्यावर भूकंपामागोमाग त्सुनामी आली. इवाते प्रांतातील ओत्सुची या लहान गावात नगरप्रमुखांसह बाराशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. घरे गेली, मासळीचे धंदे गेले. निवाऱ्याच्या दालनात, शेजाऱ्याशी पाठ लावून बसलेल्या बायकांना दिवसभर करण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा त्याच वर्षी तेथे साशिकोचे काम सुरू करण्यात आले. सुई, धागा आणि हातभर कापड एवढेच लागे; यंत्र नको, जागा नको, आवाजही नाही. काम विकले जाई, आणि चार पैसे हाती येत. त्यांतील काही बायका पुढे दहा-बारा वर्षांनीही शिवीत होत्या.

त्या दालनात पहिल्यांदा सुई धरलेल्या बाईला पहिल्याच दिवशी तीच अडचण आली असेल, जी तीनशे वर्षांपूर्वी त्सुगारूच्या शेतकरणीला आली होती. ओळ अर्धीच झाली आहे आणि धागा संपला. शेजारणीने तिला काय सांगितले असेल, हे आता वाचकांनाही ठाऊक आहे. गाठ मारू नकोस. तीन टाके मागे जा, जुन्याच्या अंगाअंगाने ये, आणि मग पुढे चालू लाग.